मेन बंद होईपर्यंत

बाबा,

कूलरला चिकटलेले होता तेव्हा तुम्हाला आम्ही दिसत होतो का? प्रश्न माझा नाही, आईचा आहे. तिनं तो या उन्हाळ्यात मला विचारला आणि त्याचं उत्तर मला येत नाही. घरातली पहिली पदवीधर मी, त्यामुळे कठीण वाटेल ते सगळं आधी माझ्याकडे येतं. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं, मोबाईलमध्ये आलेला इंग्रजी मेसेज, रेशन कार्डाचं ऑनलाइन काम. आई विचारते, मी सांगते. या एकाच प्रश्नाला मी "मले नाही माहीत" म्हटलं. तिनं मान हलवली, जणू तिला हेच ऐकायचं होतं किंवा हेच ऐकायची भीती होती. तेव्हापासून मी मनातल्या मनात तुमच्याशी बोलते आहे. आज लिहायला बसले. तुमचा पत्ता नाही, त्यामुळे पाठवायचं कुठे ही काळजी नाही, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच लिहिता येतं आहे.

तुम्ही गेलात तेव्हा माझी सहावीची परीक्षा नुकतीच संपली होती. हिंगणा रोडवरच्या त्या ले-आऊटमधलं आपलं दोन खोल्यांचं घर अजून तसंच आहे, फक्त आजूबाजूचे रिकामे प्लॉट भरले आहेत. मागच्या अंगणात नळ, नळाशेजारी खिडकी आणि खिडकीला लोखंडी स्टँडवर बसवलेला कूलर. तो तुम्ही ओळखीच्या वेल्डरकडून पत्र्याचा करून घेतला होता आणि हिरवा रंग स्वतः दिला होता. तुमची रात्रपाळी असली की कंपनीची बस सकाळी तुम्हाला नाक्यावर सोडायची. तुम्ही आंघोळ करून, जेवून, दुपारभर त्या कूलरसमोर झोपायचात. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या खोलीत दुसरं करणार तरी काय. आई मला बजावायची, "आवाज करू नको वं, बाबा झोपून राहिले." मी कूलरच्या वाऱ्यात तुमच्या पायाशी बसून चित्रं काढायची. ओल्या वाळ्याचा वास आणि तुमच्या घोरण्याचा आवाज, माझ्या लेखी उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे एवढंच होतं.

त्या कूलरला थोडा करंट येतो हे घरात सगळ्यांना माहीत होतं. लपवलेली गोष्ट नव्हती ती. पत्र्याला बोटं लागली की झिणझिण व्हायचं. कोणी पाहुणा आला आणि चमकून हात मागे घेतला की तुम्ही म्हणायचात, "काही नाही, नवीन मानसाशी हात मिळवते तो." सगळे हसायचे. मीही शाळेत मैत्रिणींना ऐटीत सांगायची की आमचा कूलर गुदगुल्या करतो. पिनेचा तिसरा पाय तुम्ही पकडीनं तोडून टाकला होता, कारण एक्स्टेंशनच्या बोर्डाला दोनच भोकं होती. तो बोर्ड खिडकीच्या गजालाच तारेनं बांधलेला होता. हे सगळं तुम्ही केलंत, आणि हेच तुम्ही मला एकदा जोरात रागावला होता. मी टेबल फॅनची पिन वायर ओढून काढत होते. तुम्ही माझा हात धरलात आणि म्हणालात, "वायर नाही ओढाची. पिन धर. हे कंपनीत कोनं केलं तं त्याले घरी पाठवते." तुमचा तो आवाज मी त्यापूर्वी ऐकला नव्हता. मी रडले. तुम्ही मग मला समोर बसवून सगळं शिकवलंत, आईलाही हाक मारलीत. काही झालं तर बोर्डाला हात लावायचा नाही, माणसाला हात लावायचा नाही, धावत जाऊन पुढच्या दारावरचा मेन बंद करायचा. आईकडून ते दोनदा म्हणवून घेतलंत. तिनं कणकेच्या हातांनी उभं राहून, हसत, पाठ म्हटल्यासारखं म्हटलं.

कंपनीत बूट आणि हातमोजे घातल्याशिवाय मशीनजवळ न जाणारा माणूस घरात अनवाणी, ओल्या अंगणात, चालू कूलरमध्ये पाइप धरून उभा राहतो. याचा मी खूप वर्षं विचार केला. तुम्ही बेफिकीर होता असं मला वाटत नाही. घरात रोज दिसणारी वस्तू घरातलीच होऊन जाते. तिचा राग, तिचं झिणझिणणं आपण एखाद्या तिरसट काकासारखं सांभाळून घेतो. आता मी ज्या वस्त्यांमध्ये काम करते, तिथे दर घरात हेच आहे. हात लावला की करंट बसतो, आणि सगळे हसतात.

त्या दुपारी तुम्ही झोपून उठला होता. कूलरमधलं पाणी संपलं होतं आणि तो नुसती गरम हवा फेकत होता. तुम्ही मागे गेलात. मी चित्र काढत होते. पंख्याच्या आवाजात आणखी एक आवाज मिसळला, तो माणसाचा आहे हे मला कळलं नाही. आई स्वयंपाकाच्या कोपऱ्यातून उठली आणि मी तिच्या मागे मागच्या दारात गेले. तुमचा एक हात पत्र्यावर होता. पाइप खाली पडून अंगणात पाणी वाहत होतं. मी "बाबा" म्हणत पुढे झाले आणि आईनं मला पकडलं. मागून, कमरेत हात घालून, आपल्याकडे वळवून उचललंच. मी पाय झाडते आहे, ती मला सोडत नाही. हे मी आता लिहिते आहे तरी माझे पाय आखडतात. ती मला तशीच घेऊन आत वळली. मागची खोली, पुढची खोली, दाराची उंच चौकट. मेन उंचावर होता, आई बुटकी. एका हातात मी, दुसरा हात वर, टाचा उंचावलेल्या. मी तिच्या अंगावर लाथा मारते आहे. पहिल्यांदा तिचा हात निसटला. मग खट्ट आवाज आला आणि घरातलं सगळं थांबलं. आम्ही परत आलो तेव्हा तुम्ही खाली पडला होता.

पुढचं तुम्हाला माहीत नाही. शेजारचे काका, ऑटो, मेडिकल हॉस्पिटल, तिथला लांब व्हरांडा. मग गाव, लोक, तेरावा. त्या दिवसांतच कुठेतरी एक वाक्य तयार झालं. आपल्या शेजारणीनं भिंतीवरून पाहिलं होतं. तुम्ही चिकटलेले आणि आई दारात मला धरून उभी, एवढंच. लगेच ती आपल्या नवऱ्याला हाक मारायला वळली, त्यामुळे आई धावताना तिला दिसली नाही. तिनं जे पाहिलं ते सांगितलं, खोटं काही सांगितलं नाही. ते आत्याच्या कानी गेलं आणि तेराव्याला सगळ्यांच्या देखत आत्या आईला म्हणाली, "माहा भाऊ चिकटून होता अन् तू उभी राहून पायत राहिली." मी तिथेच बसले होते. मला वाटलं, आता आई सांगेल. ती उठली आणि पाण्याचे पेले भरायला गेली.

ती का बोलली नाही याचं उत्तर मी माझ्या बुद्धीनं शोधलं. अकरा-बारा वर्षांच्या मुलीची बुद्धी ती. जी गोष्ट खोटी असते ती माणूस खोडून काढतो, आई खोडत नाही, म्हणजे त्यात काहीतरी असणार. मला आठवत होता तो तिचा कमरेला पडलेला विळखा. तिनं मला सोडलं असतं तर मी तुम्हाला ओढून काढलं असतं, असं मला तेव्हा अगदी खात्रीनं वाटायचं. पुढे विज्ञानाच्या पुस्तकातून कळलं की ओढून काढलं नसतं, तुमच्याबरोबर मीही गेले असते. ते डोक्याला कळलं. बाकी अंगाला कळायला किती काळ लागतो हे कोणत्या पुस्तकात असतं ते मला अजून सापडलेलं नाही.

कूलर भंगारवाला घेऊन गेला. त्यानंतर आपल्या घरात कूलर आला नाही. नागपूरच्या मे महिन्यात कूलरशिवाय दोघी कशा राहिलो, हे ऐकून लोक थक्क होतात. खिडकीला ओली चादर, फरशीवर पाणी शिंपडायचं, त्यावर झोपायचं. फरशी कोरडी होईपर्यंत मात्र आई एकाही बटणाला हात लावू द्यायची नाही. ती न्हाणीत गेली की मेन बंद असायचा. मी अभ्यास करत असले तरी बंद. आणि चपला, बाबा. घरात रबरी चपला घातल्याशिवाय तिनं मला कधी चालू दिलं नाही. स्वयंपाकाच्या ओट्याशी चपला, देवाच्या कोनाड्यासमोर चपला. ज्या आईनं पूर्वी मला पारोशी देवाजवळ फिरकू दिलं नसतं ती मला सांगायची, "पायात घाल वं आधी, मंग दिवा लाव." आत्या आली की कपाळाला हात लावायची. "देवापाशी पायतान. काय पोरीले वळण लावून राहिली." आई म्हणायची, "देव समजून घेते." मला या सगळ्याची लाज वाटायची. त्याहून वाईट म्हणजे, मी तिच्या प्रत्येक भीतीकडे पाहून मनात म्हणायची की ही चूक केलेल्या माणसाची भीती आहे. घाबरतो तोच, ज्याच्या हातून काही राहून गेलेलं असतं. ती भीती माझ्यासाठी होती, माझ्या पायांसाठी होती, हे मला त्या चपला झिजवून, नव्या घेऊन, पुन्हा झिजवूनही समजलं नाही.

आईला शाळेत खिचडी शिजवायचं काम मिळालं. मी शिकत गेले. कॉलेजच्या वाचनालयात कूलर होता, मी सर्वांत लांबच्या खुर्चीवर घामाघूम होऊन बसायची. मैत्रिणींना वाटायचं, एकटीनं अभ्यास करायची आवड आहे. समाजकार्याचा अभ्यासक्रम घेतला तेव्हा आम्हाला मानसिक आघातावर एक पूर्ण घटक होता. मी त्यावर परीक्षेत मोठं उत्तर लिहिलं. आघात झालेलं माणूस धोका टळल्यावरही पहारा देत राहतं, असं काहीसं. चांगले गुण पडले. ते लिहून मी घरी आले आणि मेन बंद करून ठेवल्याबद्दल आईशी भांडले. निकालाच्या दिवशी तिनं पेढे आणले. आत्या गावाहून आली होती. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "माह्या भावाची पोरगी आहे शेवटी." आई पेढ्याचा डबा धरून शेजारीच उभी होती. मला त्या वाक्याचा आनंद झाला होता. इतका की मी आईकडे पाहिलंच नाही.

आता मी एका संस्थेत आहे. एमआयडीसीच्या कडेनं ज्या वस्त्या वाढल्या तिथे आम्ही काम करतो. उन्हाळा लागायच्या आधी बायकांना जमवून कूलरबद्दल सांगायचं, हा कार्यक्रम मीच हट्टानं सुरू करवला. तिसरी पिन का तोडायची नाही, पाणी भरताना प्लग का काढायचा, अर्थिंग म्हणजे काय. मी हे चांगलं सांगते असं सगळे म्हणतात. अनोळखी बायकांसमोर माझा आवाज कधी कापला नाही. या वर्षी एक कार्यक्रम आईच्या शाळेत ठरला. मी ठरवला नव्हता, तसा आला. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "ये ना. मी तं मागच्या शेडमध्ये असते. मले काय त्याचं."

सकाळची शाळा सुटली होती. वर्गात बायका सतरंजीवर बसल्या होत्या, काहींच्या मांडीवर मुलं. मी नेहमीचा प्रश्न विचारला. नवरा कूलरला चिकटला आहे, तुम्ही समोर आहात, पहिलं काय कराल? पुढची एक जाडशी बाई शांतपणे म्हणाली, "माहा असन तं मी पयले चहा मांडीन." सगळ्या पदरात तोंड घालून हसल्या. दुसरीनं विचारलं, "अन् मंग वं?" "मंग करीन मेन बंद. मरू थोडीच देईन, उद्या पानी कोन भरन." मीही हसले. मग मी सांगितलं की हात लावायचा नाही, ओढायचं नाही, आधी मेन. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"अन् लेकरू धावलं त्याच्याकडे तं?"

आई दारात उभी होती. पदराला हात पुसत होती. खिचडीचं मोठं पातेलं धुऊन आली असावी, कोपरापर्यंत ओली होती. बायकांना ती खिचडीवाली ताई म्हणून माहीत, माझी आई म्हणून बहुतेकींना माहीत नव्हती. मी शिकवल्यासारखं उत्तर दिलं, "लेकराला आधी धरायचं."

"एका हातानं?"

"हो, जमेल तसं."

"मंग मेन कोन बंद करन?"

"लेकराला घेऊनच मेनकडे जायचं."

"पन ते लाता मारते. सोड म्हनते. मंग उशीर होते."

मला माहीत होतं की माझ्या कागदांमध्ये याच्यावर काही लिहिलेलं नाही. मी म्हटलं, "हो. मग उशीर होतो."

आई माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे. त्या चहावाल्या बाईला काय कळलं कोण जाणे, ती मागे वळून आईला म्हणाली, "लेकरू वाचलं ना पन, ताई. बाकी देवावर." आईनं "हो, ते तं आहे" म्हटलं आणि ती शेडकडे परत गेली. मी उरलेला कार्यक्रम पूर्ण केला. काय बोलले ते आठवत नाही.

घरी आम्ही चालत निघालो. ऊन चढलं होतं. आई डोक्यावर पदर घेऊन माझ्या पुढे चालत होती. एका कडुनिंबाच्या सावलीत थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी तुले धरलं तवा त्याईचं तोंड आपल्याचकडे होतं. त्याईले दिसलं असन का वं आपन? का असं वाटलं असन, का ही आलीच नाही?"

मी आठवायचा प्रयत्न केला. इतकी वर्षं मी समजत होते की ती दुपार मी पूर्ण पाहिली आहे. पाइप आठवतो, पाणी आठवतं, पत्र्यावरचा हात आठवतो. तुमचा चेहरा आठवत नाही. मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "कसा आठवन. तुहं तोंड मी छातीशी दाबून धरलं होतं." म्हणजे तुमच्याकडे पाहणारी ती एकटीच होती, बाबा. मी मेनच्या वाटेवर तिला लाथा मारत होते आणि तिच्या डोळ्यांत ते होतं. ते घेऊन ती खिचडी शिजवत राहिली, माझ्या चपला विकत आणत राहिली. मी म्हटलं, "मले नाही माहीत, आई." मग आम्ही चालू लागलो. घर येईपर्यंत मी तिचा हात धरला होता, तिनं तो सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही. सवय राहिलेली नाही आम्हाला.

मला सगळ्यांत जास्त वाईट वाटतं ते त्या दुपारचं नाही. त्या दुपारी मी लहान होते, त्या मुलीवर मी रागावू शकत नाही. वाईट वाटतं ते नंतरच्या साध्या दिवसांचं. एका खोलीत दोन माणसं एकाच गोष्टीला भीत होती आणि एकमेकींपासून लपवत होती. मला वाटायचं, मी लाथा मारल्या नसत्या तर मेन लवकर बंद झाला असता. ते असह्य व्हायचं, म्हणून मी तिच्याकडे बोट दाखवायची, मनातल्या मनात. तिला काय वाटायचं ते मी कधी विचारलं नाही. कितीतरी जेवणं आम्ही समोरासमोर बसून जेवलो. भाजीत मीठ कमी आहे एवढंच बोललो.

मग अक्षय तीज आली. दर वर्षी आई तुमच्या नावानं घागर भरते. पुरण, कुरड्या, चिंचवणी, आमरस. आत्या गावाहून एसटीनं येते, पिशवीभर आंबे आणते. ती दुष्ट नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. तिनं तुम्हाला कडेवर वाढवलं. माझ्यासाठी ती अजून चिंचेच्या गोळ्या आणते. पण जेवायला बसली, दोन घास झाले आणि घाम आला की ती ते बोलते. या वर्षीही पदरानं वारा घेत म्हणाली, "भाऊ असता तं असं शिजत बसलो असतो काय आपन. जवळ माणूस असून काई झालं नाही. उभ्या उभ्या पायलं फक्त." आई तिच्या ताटात कुरडई वाढत होती. हात थांबला नाही. इतकी सवय झालेली.

मी म्हटलं, "आत्या, आई उभी नव्हती."

"काय म्हनते?"

"आई उभी नव्हती. मी बाबाकडे धावली होती. तिनं मले उचललं, अन् तशीच घेऊन मेनकडे पळाली. बाबानंच तिले शिकवलं होतं, हात नाही लावाचा, मेन बंद कराचा. तिनं तेच केलं. मी तिले लाता मारत होती म्हणून तिचा हात मेनवरून सुटला. मी नसती मध्ये तं ते लवकर झालं असतं. अन् मले सोडलं असतं तं मीबी गेली असती."

आत्यानं हातातला घास ताटात ठेवला. "हे मले आजवर कोनं सांगतलं नाही."

"कोनं विचारलंच नाही, बाई," आई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. चिंचवणी वाढताना बोलावं तसं बोलली.

आत्यानं माफी वगैरे मागितली नाही, आम्हाला अपेक्षाही नव्हती. वाटी पुढे केली आणि म्हणाली, "वाढ थोडं." आईनं वाढलं. आत्यानं ते प्यायलं नाही. दुपारच्याच गाडीनं ती परत गेली, एरवी मुक्कामी राहते. जाताना माझ्या तोंडावरून हात फिरवला नाही. तेव्हापासून तिचा फोन आलेला नाही. पुढच्या तिजेला ती येईल की नाही, सांगता येत नाही.

मला वाटलं होतं, आईला बरं वाटेल. ती भांडी घासायला बसली आणि राख चोळता चोळता म्हणाली, "तुले कोनं सांगतलं होतं माही वकिली कराले?"

"कोनंच नाही."

"मले काय ते सांगता येत नव्हतं? तिचा भाऊ गेला वं. तिले कोनावर तरी राग काढा लागत होता. नाही तं ती वेडी झाली असती. मी होती ना ऐकाले."

तिनं एक ताट विसळून माझ्याकडे दिलं, दुसरं घेतलं.

"अन् तुले बी लागतच होता," ती म्हणाली.

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ, निकालाच्या दिवशी मी तिच्याकडे न पाहिल्याचा अर्थ, सगळं. ती ते घेत राहिली, कारण माझा राग कुठेतरी जायला हवा होता आणि ती जवळ होती. मी वस्तीवस्तीत जाऊन लोकांना बोलतं करते. मला जे शिकवलं ते असं, की बोललं की जखम भरते. आईनं न बोलता दोघींना सांभाळलं आणि स्वतःची जखम तशीच ठेवली. यात बरोबर कोण, हे मला ठरवता येत नाही. आत्याच्या रागाचं ठिकाण मी काढून घेतलं, एवढं खरं. आता या वयात तिनं तो राग कुठे न्यायचा? याचा मी जेवणाच्या पंगतीत विचार केला नव्हता. रात्रपाळीहून येणाऱ्या भावासाठी जी बहीण आंबे राखून ठेवायची, तिला मी असं ताटावरून उठवलं. तुम्हाला हे आवडलं नसतं, हेही मला कळतं.

आई दोन दिवस माझ्याशी तुटकच बोलली. मग एका सकाळी, डबा भरताना, स्वतःहून म्हणाली की मेन बंद करायला ती टाचेवर उभी राहिली तेव्हा तिच्या पायात गोळा आला होता आणि तो पाय अजून थंडीत दुखतो. एवढंच. मी विचारलं, कोणता पाय. तिनं उजवा दाखवला. मी तिला तेल लावून दिलं. ती म्हणाली, "ऑफिसले उशीर होईन तुले." मी म्हटलं, होऊ दे.

आत्याला मी सांगितलं ते सांगितलंच, बाबा. ते परत घेता येत नाही आणि मला घ्यायचंही नाही. फक्त एक तुम्हाला कबूल करते. सांगण्याआधी मी आईला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती. ते मला माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाही.